कागदाच्या खणाला 'कुठलंही चॅनल' चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागे घरातले कागद नीट कसे लावावेत यावर एक लेख आला होता, त्यात शेवटाकडे एका ओळीत म्हटलं होतं की सुताराकडून एक छोटं फाइल कॅबिनेट करून घ्या, चॅनल (म्हणजे खण ज्यांच्यावर आत-बाहेर सरकतो त्या दोन बाजूंच्या पट्ट्या) कुठलंही चालेल, जमलं तर सॉफ्ट क्लोज, म्हणजे आपोआप हळू बंद होणारं घ्या. लेख चांगलाच होता, पण ते 'कुठलंही चालेल' वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. कारण त्या 'कुठलंही'च्या नादात मी दोनदा पैसे घातलेत आणि एका रविवारी दुपारी पलंगाखाली टॉर्च घेऊन चॅनलमधले छर्रे शोधत आडवा झालोय. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल पण आकडे तेवढे ठेवा.

आधी हे कॅबिनेट का करायला घेतलं ते सांगतो. आम्ही चिपळूणचे, म्हणजे पुढचं तुम्ही ओळखलंच. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात वडिलांच्या वेळेपासूनचे कागद होते, खरेदीखतं, जुने फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, सगळं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर आत चिखलाची एक वडी झालेली, त्यात कोब्रा फाइलचे पत्र्याचे क्लिप तेवढे ओळखू येत होते. २००५ लाही पाणी बघितलं होतं, तरी अक्कल आली नव्हती. आता सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो हे खरंय, पण जुनं मूळ खरेदीखत ऑनलाइन मिळत नाही आणि बँकेत गेलं की तेच मागतात. वर्षभर नकला काढत फिरलो. मग ठरवलं की कागद वरच्या मजल्यावर न्यायचे आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने तीन खणांचं कॅबिनेट करायचं. रिटायर माणूस, हात शिवशिवतात, ड्रिल घरात होतं, बाकी काय लागतं असं वाटलं.

तर चॅनल. किचनचं काम झालं होतं त्यातली उरलेली तीन जोड्या चॅनल पडून होती, ती पांढऱ्या पावडर कोटिंगची, प्लास्टिकच्या चाकांची. बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर टेबलच्या कीबोर्डला असतात तीच. फुकट आहेत म्हणून लावली. लावायला सोपी, मान्य. पण त्यांचा पहिला दोष पहिल्याच दिवशी कळला, खण पूर्ण बाहेर येतच नाही. साधारण तीन चतुर्थांश येतो आणि अडतो. म्हणजे २० इंची खण असेल तर मागचे पाच इंच कॅबिनेटच्या आतच. चमचे, नॅपकिन, शर्ट असले तर हात आत घालून काढता येतात, पण फाइल उभी असते हो, ती वर उचलून काढावी लागते आणि वर तर फळी! मागच्या पाच इंचात नेमक्या कोर्टाच्या फाइली होत्या. प्रत्येक वेळी पुढच्या चार फाइली काढून जमिनीवर ठेवायच्या, मग मागची पुढे ओढायची, मग काढायची. ही म्हणाली, याच्यापेक्षा ट्रंक बरी होती.

दुसरा दोष दोन-तीन महिन्यांनी. खण उघडला की पुढून नाक खाली. चाकं एका बाजूला चपटी झालेली आणि पट्टी वाकलेली. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण कागद वजन केलाच नाही.

इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळी गोम इथेच आहे. कागद हलका असतो हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं, एक कागद हलकाच असतो. पण हिशोब करा. झेरॉक्सचा साधा ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागद घेतला तर १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर, म्हणजे एक कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, ५०० ची एक रीम झाली साधारण २ किलो ३४० ग्रॅम. रीमची जाडी धरा पाच सेंटीमीटर. आता २० इंची खणात आतून सत्तेचाळीसेक सेंटीमीटर जागा मिळते, त्यात ठासून भरला तर नऊ रीम, म्हणजे २१ किलो. आणि आपले जुने कागद ए-फोर कुठे असतात, फुलस्केप आणि लीगल, ते एकोणीस ते तेवीस टक्के मोठे, म्हणजे २५-२६ किलो. त्यावर खणाची पेटी, १२ मिलिमीटर प्लायच्या बाजू आणि १८ चा दर्शनी भाग धरला तर पाच-सहा किलो. पुठ्ठ्याच्या फाइली, क्लिप, ते वेगळंच. तीस किलोच्या पुढे गेलो की नाही? आणि 'ठासून कोण भरतं' असं म्हणू नका, दोन वर्षांत सगळेच ठासून भरतात.

ती पांढरी चाकाची चॅनल साधारण २५ किलोपर्यंतची असतात. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या मानगुटीवर बसलो होतो.

म्हणून दुसऱ्या वेळी टेलिस्कोपिक घ्यायला गेलो, बॉल बेअरिंगची, तीन पट्ट्या एकात एक सरकतात ती, उंचीला ४५ मिलिमीटर. ती पूर्ण बाहेर येतात, शेवटची फाइलसुद्धा सरळ वर उचलता येते. दुकानात विचारलं, किती किलो घेतं हे? उत्तर आलं, "ओ काका, घ्या बिनधास्त, हेवी आहे." हेवी म्हणजे किती? "एकदम हेवी." पाकिटावर बघितलं तर किंमत आहे, बनवणाऱ्याचं नाव आहे, २० इंच लिहिलंय, दोन नग लिहिलंय, चकचकीत किचनचा फोटो आहे, पण किलो नाही. दुसरं पाकीट, तेच. तिसऱ्यावर इंग्रजीत 'हेवी ड्यूटी' छापलेलं, म्हणजे दुकानदारच छापखान्यात गेला असावा. शेवटी एका कंपनीच्या पाकिटावर सापडलं, ४५ किलो, जोडीला. दर जरा चढा होता. पण आधी तो घेतला नाही मी, इथेच कोकणी बाणा नडला, हेवीवाली जोडी दीडशे रुपयांनी स्वस्त होती आणि दिसायला सेम टू सेम.

सेम टू सेम नव्हती. नंतर दोन्ही जोड्या घरच्या किचनच्या काट्यावर ठेवल्या, लांबी एकच पण महागाची जोडी स्वस्तातल्यापेक्षा चांगली सव्वापट भरली. पत्र्याच्या जाडीचाच फरक, दुसरं काही नाही. चांगल्या मालात पट्ट्या एक ते सव्वा मिलिमीटर पत्र्याच्या असतात. दुकानात काटा नसेल तर एक साधी परीक्षा सांगतो, चॅनल पूर्ण उघडा, एक टोक टेबलावर दाबून धरा आणि दुसरं टोक बोटाने आडवं हलवा. खुळखुळत असेल तर ठेवून द्या.

आता 'किलो' जो लिहितात तो कसा वाचायचा तेही सांगून टाकतो कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नाही, दोनाने गुणू नका. तो चॅनल उभं, म्हणजे खणाच्या बाजूला लावल्यावरचा असतो, काही जण जागा वाचवायला तेच चॅनल आडवं पाडून खणाच्या खाली लावतात, तसं केलं तर ताकद एकदम घसरते, पाव राहिली तरी पुष्कळ. आणि लांबी वाढली की तीच जात कमी वजन घेते. म्हणून माझं मत, फाइलीच्या खणाला ३५ किलोचं चॅनल म्हणजे काठावर पास, ४५ चं घ्या आणि विसरून जा.

इंचाची एक गंमत राहिली. '२० इंची' चॅनल टेप लावून मोजा, ५०० मिलिमीटर भरेल. शाळेत शिकलो त्या हिशोबाने २० इंच म्हणजे ५०८. म्हणजे या धंद्यातला इंच २५ मिलिमीटरचा, १८ इंची म्हणजे ४५०, २२ इंची म्हणजे ५५०. आठ मिलिमीटरने कुणाचं घर बुडत नाही (बुडायला वाशिष्ठी नदी आहे), पण ज्यांना कॅबिनेटची खोली चॅनलला अगदी टेकवून करायची असते, त्यांनी इंच सोडून सरळ मिलिमीटरमध्ये बोलावं. आणि दर्शनी फळी बाहेर न राहता चौकटीच्या आत बसणार असेल तर तिची जाडी जास्तीची धरा, १८ मिलिमीटर आणि वर थोडं, नाहीतर मागे भिंतीला खण ठोकर खातो आणि पुढे तोंड उघडं राहतं.

लांबीत चूक पचते, रुंदीत पचत नाही. टेलिस्कोपिक चॅनलला एका बाजूला १२.७ मिलिमीटर लागतात, दोन्ही मिळून २५.४, सुतार मंडळी २६ सोडतात. पांढऱ्या चाकवाल्यालाही जवळपास तेवढीच जागा लागते, त्यामुळे माझ्या पेट्या बदलाव्या लागल्या नाहीत, तेवढं नशीब. पण मी पहिल्यापासून एक घोळ करून ठेवला होता. कॅबिनेट बाहेरून ४५७ मिलिमीटर, दोन बाजू १८ च्या म्हणजे ३६ वजा, राहिले ४२१, त्यातून २६ वजा, पेटी ३९५ ची. कागदावर एकदम बरोबर. वरची-खालची फळी मी बाजूंच्या डोक्यावर बसवली होती, म्हणजे आतली जागा बाजूंच्या जाडीवर अवलंबून, आणि तो १८ चा म्हणून घेतलेला प्लाय मोजला तर १७! दुकानात सांगतात तो आकडा आणि खरी जाडी यात फरक पडतो हे सुताराला माहीत असतं, मला नव्हतं. म्हणजे आत ४२३, पेटी सैल. चाकाच्या चॅनलने ते दोन मिलिमीटर सांभाळून घेतले पण बॉल बेअरिंगवालं ऐकेना, खण बंद करताना कुरकुर आणि डावीकडे ओढ.

उपाय आमच्या शेजारच्या मिस्त्रींनी सांगितला. ते कट्ट्यावर बसून आठवडाभर माझी मजा बघत होते, मग उठून आले, चॅनल आणि बाजूची फट नखाने चाचपली आणि म्हणाले, सनमायकाचा तुकडा आहे का? होता. सनमायका एक मिलिमीटरचा असतो, त्याच्या पट्ट्या कापून दोन्ही बाजूंना चॅनलच्या मागे घातल्या, खण लोण्यासारखा चालायला लागला. पेटी सैल असेल तर हा उपाय आहे, पेटी घट्ट असेल तर मात्र रंधा काढा नाहीतर रडत बसा. म्हणून मिस्त्री म्हणतात, पेटी एक मिलिमीटर कमी चालेल, अर्धा जास्त चालणार नाही. आणि पेटी गुण्यात हवी. गुण्या नसेल तर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले म्हणजे काटकोन आहे.

आता त्या पलंगाखालच्या छर्र्यांची गोष्ट. टेलिस्कोपिक चॅनलला आत एक काळी प्लास्टिकची चाप असते, ती दाबली की आतली पट्टी सुटते, ती पेटीला स्क्रू करायची, बाकीचं कॅबिनेटला. एका बाजूची चाप वर दाबायची आणि दुसऱ्या बाजूची खाली, दोन्ही एकदम, मग पेटी बाहेर येते. हे जमलं. परत बसवताना काय करायचं असतं, आतल्या छर्र्यांचा जो लांबट पिंजरा असतो तो बोटाने ओढून अगदी पुढच्या तोंडाशी आणायचा आणि मग पट्टी त्यात सरळ सरकवायची. मी पिंजरा मागेच ठेवला, पट्टी तिरकी घातली, अडकली, आणि अडकल्यावर शहाणा माणूस जे करत नाही ते केलं, खांदा लावून ढकललं. कट्ट असा आवाज, पिंजरा चेपला आणि छर्रे टाइल्सवर टणटण उड्या मारत चहूकडे. ती जोडी अशी गेली. कुणी म्हणेल छर्रे परत भरता येतात. येत असतील, मला आले नाहीत. मग गुपचूप दुकानात जाऊन ४५ किलो छापलेल्या तीन जोड्या आणल्या.

स्क्रूबद्दल दोनच गोष्टी, चपट्या गोल डोक्याचे घ्या, आणि कॅबिनेटच्या बाजूला १६ मिलिमीटरचे घेतले तरी पेटीच्या १२ च्या प्लायला १२ चेच घ्या, नाहीतर टोक आत निघतं. टोकदार, निमुळत्या डोक्याचा स्क्रू पूर्ण बसला नाही की त्याचं डोकं आत सरकणाऱ्या पट्टीला घासतं, महिनाभरात पट्टीवर चर पडतो. आधी लांबट भोकांत स्क्रू लावा, खण चालवून बघा, वर-खाली पुढे-मागे करा, सगळं जुळलं की मग गोल भोकांत पक्के करा. आणि मोजमाप करत बसण्यापेक्षा प्लायचा एक तुकडा उंचीला कापून घ्या, त्यावर चॅनल टेकवून डावं लावा, तोच तुकडा उजवीकडे, दोन्ही एका पातळीत. वरच्या खणापासून सुरुवात करायची आणि खाली येताना तुकडा कापत जायचा. ही युक्तीही मिस्त्रींचीच, मी फक्त टायपिस्ट. पार्टिकल बोर्डाला तीस किलोचा खण लावू नका, स्क्रू भुशासकट बाहेर येतो.

सॉफ्ट क्लोजचं काय? माझं स्पष्ट मत, किचनला छान, फाइलींना नको. शेवटच्या दीड-दोन इंचात स्प्रिंग खण आत ओढते आणि दट्ट्या त्याला सावकाश बसवतो, चमच्यांच्या ट्रेला हे शोभतं. तीस किलोचा खण आपण घाईत ढकलतो तेव्हा तो सगळा दणका त्या प्लास्टिकच्या दट्ट्यावर. शिवाय उघडताना दर वेळी आधी त्या स्प्रिंगशी झटापट. घ्यायचंच असेल तर किलो बघूनच घ्या, हळू बंद होतंय म्हणजे जास्त वजन पेलतंय असा काही नियम नाही.

आमच्या हवेचंही एक आहे. पावसाचे चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला होतो, त्यात झिंक चढवलेलं साधं चॅनल आधी पांढरट पडतं मग लाल. स्टेनलेसचं मिळतं पण महाग पडतं, मी साधंच घेतलंय, पावसाळ्याआधी कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशिनचं तेल दोन थेंब. खोबरेल घालू नका. आमच्याकडे बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला खोबरेल चालतं, पण थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरतं, मी घालून बघितलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे त्या लेखात नव्हतं आणि कुठल्या पाकिटावरही मला दिसलं नाही. पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनलचा गुण तोच त्याचा धोका. रिकामं कॅबिनेट पंचवीस-तीस किलोचं, आणि एक भरलेला खणच तीस किलोचा, तो पूर्ण बाहेर म्हणजे वजन पायांच्या पुढे गेलं. गोदरेजसारख्या ऑफिसच्या लोखंडी कॅबिनेटमध्ये एक खण उघडा असला की दुसरा उघडत नाही, ते बऱ्याच जणांना बिघाड वाटतं, पण ती मुद्दाम केलेली सोय असते. घरी केलेल्यात ती नसते. मे महिन्यात नातू आला होता, वय वर्षं सहा, त्याने वरचे दोन खण एकदम ओढले. मी बाजूलाच उभा होतो म्हणून हात लावला, कॅबिनेट इंचभर पुढे आलेलं होतं. त्याच संध्याकाळी भिंतीला दोन एल क्लॅम्प आणि फास्टनर ठोकले. जड फाइली खालच्या खणात, हलक्या वर. हो, पूर आला तर खालचा खण आधी भिजेल हे मलाही कळतं, पण आता आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, तिथवर पाणी आलं तर फाइलींचं बघायला मी तरी कशाला थांबतोय.

आता मूळ तक्रार. लिफ्टमध्ये पाटी असते, ६ माणसं, ४०८ किलो. सिलिंडरवर वजन असतं. पाकीटबंद मालावर नाव-पत्ता, नग, किंमत छापायला २०११ चे वजनमापाचे नियम आहेत, पण चॅनल किती किलो पेलतं ते छापा असं त्यात नाही, त्यामुळे जो चांगला माल करतो तो छापतो आणि बाकीचे किचनचा फोटो छापतात. आपल्यासारख्या वर्तमानपत्राने हे लावून धरलं तर बरं होईल, सक्ती होईल तेव्हा होईल, निदान गिऱ्हाइकांनी दुकानात किलो विचारायला सुरुवात केली तरी पाकिटं बदलतील. आणि पुरवणीत पुढच्या वेळी कॅबिनेटबद्दल लिहाल तेव्हा तीन आकड्यांची एक चौकट जरूर द्या: एका बाजूला १२.७ मिलिमीटर, जोडीला ४५ किलो, आणि भिंतीला दोन क्लॅम्प.

आपला,
एक वाचक, चिपळूण

ता. क. छर्रे सगळे सापडले नव्हते. परवा कपाट सरकवलं तेव्हा आणखी तीन मिळाले, नातवासाठी डबीत घालून ठेवलेत.